विष त्यांचं, हंडा आमचा

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. ते ज्या कायद्याखाली काढले तो पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा आहे. म्हणजे कायदा झाल्यानंतर ३९ वर्षांनी सरकारच्या लक्षात आलं, की कारखान्यांनी नासवलेली जमीन नावाची एक गोष्ट या देशात आहे, आणि ती कुणीतरी शोधली पाहिजे, तपासली पाहिजे, साफ केली पाहिजे. आमच्या वस्तीतल्या बायकांना हे बोअरचं पहिलं पिवळं पाणी घागरीत पडलं त्या दिवशीच कळलं होतं. पण बायकांना कळलेल्या गोष्टीचा अहवाल होत नाही.

मी एका रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहते. कारखान्याचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर चर्चा त्या एका नावाभोवती फिरत राहील आणि बाकीचे सुटतील. आमच्या महिला मंडळाने पाण्याबद्दल पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा समोर बसलेले अधिकारी अगदी सौजन्याने म्हणाले, "ताई, आमची सगळी कागदपत्रं पूर्ण आहेत." त्यानंतरच्या आठ मार्चला कंपनीकडून वस्तीत तुळशीची रोपं आणि स्टीलचे डबे आले. डब्यावर कंपनीचं नाव. पाण्याच्या तपासणीचा कागद मात्र आजपर्यंत आलेला नाही. आमच्यातली एक मावशी म्हणाली, "तुळशीला घालायला पाणी कुठलं आणायचं ते पण सांगा की!"

या डब्यांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कुठे शिवणयंत्रं वाटतात, कुठे बचतगटाचं प्रशिक्षण, कुठे आरोग्य शिबिर. वाटणाऱ्याच्या चेहऱ्यावर दात्याचा भाव असतो आणि घेणाऱ्या बायकांनी कृतज्ञ दिसायचं असतं, फोटोपुरतं तरी. माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या विहिरीत घाण सोडणाऱ्याने मला शिवणयंत्र देऊ नये. त्याने विहीर साफ करावी. जबाबदारी आणि उपकार यांची ही अदलाबदल फार हुशारीने चालते, आणि दुःख याचं की आपल्याच काही संस्था त्या दोन टक्क्यांच्या आशेने गप्प बसतात. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता जबाबदारी म्हणजे काय, ते भोपाळपासून पाहू. भोपाळ म्हटलं की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र आठवते. सुमारे ४० टन विषारी वायू सुटला, हजारो माणसं मेली. ती रात्र विसरायची नाहीच. पण त्या कारखान्याची दुसरीही एक गोष्ट आहे. ती त्या रात्रीच्या आधी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. युनियन कार्बाइडचा हा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ साली उभा राहिला. सुरुवातीपासून त्याचा कचरा आवारातच खड्ड्यांत टाकला जात होता. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला मोठी तळी बांधली. विषारी सांडपाणी त्यात सोडायचं, उन्हाने पाणी उडून जाईल आणि गाळ तळाशी राहील, अशी योजना. तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर होतं. ते फाटलं. १९८२ सालच्या कंपनीच्या अंतर्गत निरोपांमध्ये तळी गळत असल्याची नोंद आहे. पुढे अमेरिकेतल्या खटल्यांमध्ये हे कागद बाहेर आले. १९८२ म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षं आधी! १९८९ मध्ये कंपनीने स्वतः आवारातल्या माती-पाण्याची तपासणी केली. त्या नमुन्यांत सोडलेले मासे मेले. मेलेल्या माशांची गोष्ट कंपनीला ठाऊक होती. भिंतीपलीकडे हापश्यावर हंडा भरणाऱ्या बाईला ती कुणी सांगितली नाही.

१९९४ मध्ये कार्बाइडने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला. १९९८ मध्ये कारखान्याची भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत गेली. परत म्हणजे कशी? घर भाड्याने घेतलेला माणूस घर सोडताना भिंतीला मारलेले खिळेसुद्धा काढून द्यावे लागतील म्हणून धास्तावलेला असतो. इथे एका कंपनीने जमिनीत पारा, क्लोरीनयुक्त रसायनं, कीटकनाशकांचे गोळे ठेवून किल्ली परत केली, आणि सरकारने ती घेतली. १९९९ मध्ये ग्रीनपीसने नमुने तपासून हे सगळं जगापुढे मांडलं. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथल्या बायकांच्या दुधातही पारा, शिसं आणि क्लोरीनयुक्त विषं सापडली.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. आईच्या दुधात विष सापडलं की जो तो आईकडे पाहतो. तिने काय खाल्लं, काय प्यायली, बाळाला पाजावं की नाही, याचे सल्ले सुरू होतात. मूल अपंग जन्मलं तर सासरचे तिच्याकडेच बोट दाखवतात. गर्भ पडला तर तिच्या अंगात काही खोट आहे. भोपाळच्या गॅसपीडित मुलींची लग्नं जुळायला त्रास झाला, मुलांची झाली. कंपनीच्या ताळेबंदात जो खर्च कधी लिहिलाच गेला नाही, तो असा बाईच्या शरीरावर आणि तिच्या अब्रूवर चढवला जातो. याला नुसतं प्रदूषण म्हणून चालणार नाही. आपण घरातल्या बिनमोल श्रमांबद्दल इतकी वर्षं बोलत आलो. हंडे लांबून आणणं, पाणी उकळणं, गाळणं, आजाऱ्याची उस्तवार, दवाखान्याच्या रांगा हे सगळं त्यातच येतं, आणि त्या श्रमांवर कारखान्याचा नफा उभा असतो.

भरपाईचं काय झालं? १९८९ मध्ये भारत सरकार आणि कार्बाइड यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती वायुकांडाबद्दल होती. पीडितांतल्या बहुतेकांच्या हाती २५ हजार रुपये आले. माती आणि पाणी नासलं त्याबद्दल या तडजोडीत कुणाला काही मिळालं नाही. २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि ते लगेच जामिनावर घरी गेले. कार्बाइडचा त्या वेळचा प्रमुख वॉरन अँडरसन भारतातल्या न्यायालयासमोर कधी आलाच नाही, २०१४ मध्ये तो अमेरिकेत मेला. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. पाणी आणि मातीबद्दल भोपाळच्या रहिवाशांनी अमेरिकेत दावे लावले, तेही २०१३ आणि २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात हरले.

२००१ मध्ये डाऊ केमिकलने कार्बाइड विकत घेतली. भोपाळचं काय, असं विचारलं की डाऊचं उत्तर ठरलेलं. आम्ही तो कारखाना कधी चालवलाच नाही, ती जबाबदारी आमची नाही. पण त्याच कार्बाइडवर अमेरिकेत ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांचे दावे होते. त्यांच्यासाठी २००२ च्या हिशेबात दोन अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली गेली. म्हणजे कंपनी विकत घेताना तिची देणी सोबत येतात, हे त्यांना चांगलं कळतं! फक्त देणं टेक्सासमधल्या कामगाराचं आहे की भोपाळच्या बाईचं, यावर ते अवलंबून असतं.

भोपाळच्या बायका मात्र घरी बसल्या नाहीत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांची नावं आपल्याला माहीत आहेत. एक मुसलमान, एक हिंदू, दोघीही वायुपीडित, दोघींचं शिक्षण नाममात्र. स्टेशनरीच्या कारखान्यात कामाला लागल्या, तिथे बायकांची युनियन बांधली आणि १९८९ मध्ये मोर्चा घेऊन पायी दिल्ली गाठली. २००२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डाऊला झाडू मारण्याची मोहीम निघाली. घराघरांतून झाडू गोळा करून कंपनीच्या कार्यालयांत नेऊन दिले. मला ही कल्पना फार आवडते. जन्मभर दुसऱ्यांची घाण काढण्यासाठी जे हत्यार आपल्या हातात दिलं, तेच ज्याची घाण आहे त्याच्या हातात देऊन यायचं. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी भोपाळच्या अपंग जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. म्हणजे बक्षिसाचा पैसाही पुन्हा कंपनीने करून ठेवलेलं निस्तरण्यातच गेला.

आपल्याकडेही एक गोष्ट घडली, ती विसरली जाऊ नये. चाकणजवळ शिंदे-वासुली इथे डाऊला संशोधन केंद्र उभारायला सरकारने जमीन दिली होती. २००८ मध्ये गावकरी उठले, वारकरी त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरले, काम बंद पडलं आणि शेवटी कंपनीला तो बेत गुंडाळावा लागला. टाळ-मृदंगवाल्यांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीला जाब विचारला. "भोपाळ साफ केलंत का?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या गावाने विचारला, मंत्रालयाने नव्हे.

आणि साफ झालं का? कारखान्यातल्या गोदामात गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा वर्षानुवर्षं पडून होता. तो कुठे जाळायचा यावर राज्याराज्यांत ढकलाढकली चालली. २०११ मध्ये नागपूरजवळच्या बोरखेडीतल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचं नाव निघालं, विदर्भातून विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने नाही म्हटलं. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून तो अडीचशे किलोमीटरवर पिथमपूरला नेला. तिथे बंद झाला, दोन जणांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जून २०२५ अखेर तो जाळून झाला. सव्वाशे कोटींचा हा खर्च केंद्राच्या तिजोरीतून झाला. म्हणजे तुमच्या-आमच्या काडेपेटीवरच्या, साबणावरच्या करातून!

आता वर्तमानपत्रांनी लिहिलं, भोपाळचा कलंक पुसला. ३३७ टन हा वर दिसणारा, पोत्यांत भरलेला कचरा होता. जमिनीत मुरलेल्याचं काय? नागपूरची नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांच्या २०१० च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा आहे. ती माती तिथेच आहे. पावसाळ्यात पाणी तिच्यातूनच झिरपतं. एका ठिकाणचं विष उचलून दुसऱ्या गरीब वस्तीच्या उशाला न्यायचं आणि त्याला सफाई म्हणायचं, हे मला मान्य नाही. पिथमपूरच्या बायकांनी कार्बाइडचं काय खाल्लं होतं?

कुणी म्हणेल, हे अवघडच आहे, कंपनीकडून परत नेववणार कोण? तर कोडईकनालकडे पाहा. तिथला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना १९८३ मध्ये अमेरिकेतून उचलून आणला होता. हिंदुस्तान लिव्हरच्या या कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली, लोकांनी आरडाओरडा केला आणि २००१ मध्ये कारखाना बंद झाला. २००३ मध्ये २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. परत गेला! तेव्हा होत नाही असं नाही. कामगारांशी समझोता व्हायला मात्र २०१६ उजाडलं, आणि माती किती साफ करायची यावरचं भांडण त्यानंतरही चालूच राहिलं. युरोपात जेवढी स्वच्छ करतात तेवढी, की भारतीय माणसाला चालेल तेवढी?

आपल्या न्यायालयांनी तत्त्व केव्हाच सांगून ठेवलंय. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण असते, "आम्ही काळजी घेतली होती" ही सबब चालणार नाही. १९९६ मध्ये राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावाचा निकाल आला. तिथे रंगधंद्याला लागणारं एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला होता. कारखाना चालला जेमतेम एखाद-दोन वर्षं. तेवढ्यात साठेक विहिरींचं पाणी गडद तपकिरी झालं, ना माणसाला ना गुराला ना पिकाला. जो प्रदूषण करील तो भरील, असं न्यायालयाने बजावलं. किती सुंदर तत्त्व! पण कंपनीने अर्जावर अर्ज करून पंधरा वर्षं काढली. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ३७ कोटींवर रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरा. निकाल आणि वसुली यांच्या मधली ती पंधरा वर्षं गावातल्या बायकांनी कशी काढली असतील? चक्रवाढ व्याज कंपनीला पैशावर लागतं. मणक्याला, गर्भाशयाला, मुलींच्या सुटलेल्या शाळेला कुठल्या दराने लावायचं?

आणि आता नवं काय चाललंय पाहा. पर्यावरण संरक्षण कायद्यात नियम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. कुणी फारसं आत गेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण तरतूद होती, भीती होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती कैद काढून दंड ठेवला, दहा हजार ते पंधरा लाख रुपये. १ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. पाण्याच्या कायद्यातही २०२४ मध्ये तसाच बदल केला. जनविश्वास! कुठल्या जनांचा विश्वास? पंधरा लाख हा मोठ्या रासायनिक कंपनीला दंड नाही, ते परवाना शुल्क आहे. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा वर्षभर चालवायचा खर्च त्याहून जास्त येत असेल, तर मालक हिशेब कुठला मांडील? भाकरी चोरणाऱ्याला तुरुंग आणि नदी चोरणाऱ्याला पावती, असा हा न्याय.

या पार्श्वभूमीवर २०२५ चे नियम वाचायला हवेत. मी वाचले. त्यात काही चांगलं आहे. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून संशयित जागा शोधायच्या, दर सहा महिन्यांनी यादी राज्य मंडळाला द्यायची. मंडळाने ठरावीक दिवसांत तपासणी करायची. जबाबदार कोण ते ठरवायचं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. इथपर्यंत ठीक. पण जागा दूषित ठरली तर ती किती दिवसांत साफ झाली पाहिजे, याची मुदत नियमांत नाही. जबाबदार माणूस सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य सरकार खर्च करणार. ऐपत नसणं ही काय अवघड गोष्ट आहे? कंपनी बुडाल्याचं दाखवायचं, हिस्सा विकायचा, नाव बदलायचं. भोपाळमध्ये दुसरं काय झालं? म्हणून माझं म्हणणं, कारखाना सुरू होतानाच सफाईची रक्कम अनामत म्हणून घ्या. आपण दोन खोल्या भाड्याने घेतो तर आधी डिपॉझिट मोजतो. ज्याच्या जाण्यानंतर पन्नास वर्षं विष उरणार आहे, त्याच्याकडून का नाही?

दुसरी मागणी सातबाऱ्याची. जमिनीवर बँकेचा बोजा असला तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद होते. मग जमिनीत पारा असला तर का होऊ नये? आज ठाण्यात कोलशेतसारख्या भागात, जिथे रासायनिक कारखाने होते, तिथे उंच उंच इमारतींची संकुलं उभी आहेत. अशा जुन्या कारखान्यांच्या जागांवरच्या घरांची मी जी माहितीपत्रकं पाहिली, त्यांत पोहण्याचा तलाव होता, मंदिर होतं, मुलांना खेळायला वाळू होती. त्या जमिनीत आधी काय होतं, माती कुणी तपासली, काय निघालं, याची एक ओळ नव्हती. माती स्वच्छही असेल. मग तपासणीचा कागद दाखवायला काय हरकत आहे? हा प्रश्न आता फक्त झोपडपट्टीतल्या बाईचा उरलेला नाही, हप्ते भरणाऱ्या मैत्रिणींनीही तो विचारायला हवा.

तिसरी गोष्ट पुराव्याची. अधिकाऱ्यांना नमुना लागतो, प्रयोगशाळेचा शिक्का लागतो. घ्या ना नमुने, पण कधी घेता? आमच्याकडे भेटीची बातमी आधी फुटते आणि त्या दिवशी नाला अगदी गंगेसारखा वाहतो. रंगीत पाणी सुटतं रात्री दोन-तीनला आणि पावसाच्या पहिल्या जोरात. ते कुणी पाहिलेलं असतं? पहाटे पाण्याला उठणाऱ्या बाईने. तिची साक्ष हा पुरावा मानलाच पाहिजे, आणि नमुना घेताना वस्तीतल्या दोन बाया तिथे हजर हव्यात.

काही पुरुष कार्यकर्ते म्हणतात, जास्त ताणलं तर कारखाना बंद पडेल, रोजगार जाईल. ही भीती खोटी नाही. आमच्या घरातलेच लोक तिथे कंत्राटी कामावर आहेत, आणि टाक्यांत उतरून गाळ काढायला सर्वांत आधी त्यांनाच उतरवतात. पण रोजगार आणि विहीर यांतून एक निवडा, अशी अट घालतो कोण? मालक. ती अट आपण मुकाट्याने का स्वीकारायची? यंत्रणा चालवायला माणसं लागतात, माती साफ करायला तर पुष्कळच लागतात. भोपाळच्या रशीदा बी युनियनवाल्याच होत्या.

आमच्या मंडळाने येत्या सहामाही यादीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज तयार करायला घेतला आहे. त्यात वस्तीतली प्रत्येक विहीर आणि बोअर, पाणी कोणत्या वर्षी बदललं, रंग आणि वास कसा, तेव्हापासून पाणी कुठून आणावं लागतं, कोण आणतं, रोज किती फेऱ्या होतात, घरात कोणते आजार, किती गर्भपात, हे घराघरांतून विचारून लिहितो आहोत. शेवटच्या प्रश्नाला बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जातो. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एकीवर पोच आणि शिक्का घ्यायचा, तारखेसकट. ज्या गटांना हा नमुना अर्ज हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं, कोकणातून आणि मराठवाड्यातून दोन गटांनी आधीच मागितला आहे.